नऊ माणसांच्या चाळीस काचा

मी नोकरीत नेमका कोण होतो, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. कागदावर मी परभणीच्या तालुकदार कचेरीत अहलकार, म्हणजे साधा कारकून. पण कचेरीतली माझी जागा वर्षातले सहा महिने रिकामीच असायची. उर्दू लिहिता येतं, मराठी घरचीच, अक्षर बरं आणि चालायचा कंटाळा नाही, एवढ्या गुणांवर साहेबांनी मला बाहेरून येणाऱ्या विद्वानांच्या दावणीला बांधून टाकलं होतं. हैदराबादहून कोणी काही शोधायला, मोजायला, विचारायला आलं, की मला हुकूम व्हायचा : यांना गावं दाखवा, माणसं बोलती करा, पेटी सांभाळा. जिल्ह्यात मला 'पेटीवाले मुन्शी' म्हणायचे. नोकरीचं नाव म्हणून मला तेच बरोबर वाटतं.

कारण प्रत्येक विद्वानाची एक पेटी असायची आणि पेटीवरून विद्वान ओळखू यायचा. कापूसवाल्यांच्या पेटीत दोरे आणि चिठ्ठ्या. झरीच्या रानात ते एकेका पऱ्हाटीला लाल दोरा बांधून तिची बोंडं मोजत बसले. दुसऱ्या दिवशी सगळे दोरे गायब. शेतकऱ्यानं रातोरात सोडून जाळून टाकले होते. "रानावर करणी करायलाव का?" असं त्यानं मलाच विचारलं. शिळावाल्यांच्या पेटीत कागद, शाई आणि घोड्याच्या केसांचा जाड ब्रश. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशानं ठोकत राहायचं, कागद अक्षरात शिरतो, मग वरून शाई लावायची. अक्षरं पांढरी उमटतात, बाकी काळं. गंगाखेडच्या अलीकडं आम्ही असा एक लेख उतरवला. महिन्यानं परत गेलो, तर त्या दगडाखाली पुरुषभर खड्डा. साहेब एवढं लांबून आले म्हणजे खाली काहीतरी पुरलेलं असणारच, असा गावाचा हिशेब. आणि डोकी मोजणारे एक साहेब लढाईच्या दिवसांत आले, त्यांच्या पेटीत लोखंडी चिमटा होता. तो बघून अख्खं गाव ज्वारीत जाऊन बसलं. पलटणीत भरती करायला डोक्याचं माप घेतात, अशी बातमी आमच्या आधी पोचली होती.

मला या लोकांच्या भीतीचं हसू यायचं. इतक्या विद्वानांच्या मागं फिरलेला माणूस मी, मला वाटायचं, आपण आता यांच्यातले राहिलो नाही. शिळावाले म्हणायचे, माणूस खोटं बोलतो, दगड बोलत नाही. बोलीवाले प्रोफेसर म्हणायचे, माणूस खोटं बोलला तरी कोणत्या शब्दात बोलला ते मला हवंय. आणि तापवाले डॉक्टर म्हणायचे, मला कोणाचं काही ऐकायचंच नाही, रक्त दाखवा. मला तिघांचंही पटायचं. ज्याची पेटी खांद्यावर, त्याचं त्या दिवशी जास्त पटायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते सांगतो. चुडावा स्टेशनपासून दोन कोसांवर गोदावरीच्या अंगाला एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. त्या घरची माणसं अजून तिथं आहेत.

या गावी मी पहिल्यांदा गेलो तो बोलीवाल्या प्रोफेसरांबरोबर. ते पान खाणारे, घोळदार धोतर नेसणारे, कोणाशीही ओट्यावर मांडी घालून बसणारे गृहस्थ. त्यांची पेटी सगळ्यांत हलकी, नुसत्या वह्या. हे काय, ते काय, अमकं दुखलं तर काय म्हणता, असं विचारत ते चार दिवस गावात राहिले. सगळ्यांत जास्त शब्द त्यांना महादेवीअक्कांनी दिले. अक्का म्हणजे गावातल्या छोट्या दुकानदाराची, वीरभद्रअप्पांची बायको. गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग, जीभ फटकळ, हात सदा कामात. त्या तूर पाखडत बोलायच्या आणि प्रोफेसर लिहायचे. अक्कांची मुलगी नीला, सहा वर्षांची, प्रोफेसरांच्या वहीत डोकं घालून बसायची. "माझं नाव लिव्हलाव का?" असं तिनं दिवसातून दहादा विचारलं असेल. प्रोफेसरांनी एका पानावर मोठ्या अक्षरात तिचं नाव लिहून दाखवलं. मग गल्लीतली सगळी पोरं जमली, आणि त्यांची नावं मला लिहून द्यावी लागली. दोन-तीन डझन तरी असतील. मला नावं लक्षात ठेवायची सवय होती, ती लक्षात राहिली. राहिली नसती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी तापवाले डॉक्टर आले. उंच, हडकुळे, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. नमाज चुकवायचे नाहीत आणि काचा मोजल्याशिवाय जेवायचे नाहीत. पावसाळ्यानंतर हिवताप कोणत्या गावात किती, हे त्यांना बघायचं होतं. पद्धत अशी : लेकराला समोर उभं करायचं, डाव्या बरगडीखाली हात घालून पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय का ते चाचपायचं, किती बोटं लागते ते लिहायचं. मग डाव्या हाताचं मधलं बोट पुसून सुईनं टोचायचं, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन पसरवायचा, माशी बसू न देता वाळवायचा, काच कागदात गुंडाळून वर नाव घालायचं. डॉक्टर परभणीच्या डाक बंगल्यात सूक्ष्म दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली त्या काचा बघत. ज्या गावाच्या काचांत ताप सापडेल, त्या गावाला हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांचा डबा जायचा. गोळ्या थोड्या, गावं फार. म्हणून काच बोलेल तिथंच गोळी. दोन महिन्यांत मी टोचायला इतका शिकलो, की डॉक्टर मला एकट्याला पाठवू लागले.

हे साल सत्तेचाळीस. संस्थानाबाहेर स्वातंत्र्य आलं होतं, आमच्याकडं अजून निजाम होता आणि गावोगावी रझाकार हिंडत होते. अमक्या गावात घरं जाळली, तमक्याला चौकात उभं करून मारलं, अशा बातम्या रोज यायच्या. त्यातल्या किती खऱ्या, हे शोधायला कोणी विद्वान येत नव्हता.

कार्तिकात त्या गावच्या चाळीस काचा करायला मी चुडाव्याला उतरलो. फलाटावर खाकी कपड्यातली आठ-दहा माणसं उतरणाऱ्यांना हटकत होती. माझी पेटी उघडायला लावली. डॉक्टरांचा उर्दू कागद बघून सोडलं. पण सोडताना एकानं माझी टोपी काठीनं खाली पाडली आणि ती मी उचलेपर्यंत सगळे बघत राहिले. मी चालू लागलो. दोन्ही बाजूला डोक्यावर गेलेली ज्वारी, मधून पायवाट. पान हललं की मी थांबायचो. अर्ध्या वाटेवर नदीच्या अंगाला धूर दिसला. कोणी कडबा-काडी पेटवली असेल, भट्टी असेल, काहीही असेल. मी तिथंच पेटीवर बसलो. घरी बायको, दोन लेकरं, धाकट्या भावाचा संसार, सगळं माझ्यावर. मी उठलो आणि स्टेशनाकडं परत फिरलो. येताना पळालोही असेन.

परत जाऊन 'जमलं नाही' म्हणायचं धाडस नव्हतं. डॉक्टर ओरडतील म्हणून नव्हे. जमलं नाही म्हटलं, तर पुन्हा जा म्हणतील, याची भीती होती. मी परभणीला न जाता झरीला घरी गेलो, दार लावलं आणि पेटी उघडली. घरात आम्ही नऊ माणसं. प्रत्येकाचं बोट टोचलं. चाळीस काचा भरायला एकेकाची चार-चार, पाच-पाच बोटं लागली. माझी धाकटी सुमन माझ्या मांडीवर बसून एकेक बोट पुढं करत होती, बापावर विश्वास ठेवून. बायकोचा हात धरला तेव्हा ती म्हणाली, "कुणाच्या नावाचं रगत म्हणायचं ह्ये?"

"तुला काय करायचंय," मी म्हणालो.

नावं पाठ होतीच. पहिल्या काचेवर नीलाचं नाव घातलं, कारण तेच आधी आठवलं. त्या काचेवर रक्त सुमनचं. उरलेली नावं मनानं भरली. पानथरीच्या रकान्यात चाळीस वेळा शून्य लिहिलं. आठवडाभर घरात कोणाला भाकरी धड थापता येईना.

काचा अर्थातच स्वच्छ निघाल्या. निघणारच होत्या. तापवाल्यांच्या हाताखाली असल्यामुळं माझ्या घरात कोयनेलच्या गोळ्या कधी कमी पडत नव्हत्या. "चालीस में एक भी नहीं? बड़ी साफ बस्ती है," डॉक्टर म्हणाले, आणि त्या गावचा डबा त्यांनी दुसऱ्या गावाला लावून दिला. तो बाहेर पडताना मी पाहिला. अजून वेळ होती. मी बोललो नाही.

माझ्या भीतीनं मग जागा बदलली. आधी ती ज्वारीत होती, आता दुर्बिणीजवळ येऊन बसली. डॉक्टरांनी जुन्या काचा काढल्या की माझ्या पाचावर धारण बसायची. रक्तावरून कोणाच्या घरचं ते कळतं का, हे मी एकदा आडून विचारूनही बघितलं. ते हसले, पण का विचारलंस म्हणून माझ्याकडं बघितलं, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

पौषात बोलीवाले प्रोफेसर आपलं काम आवरतं घेऊन हैदराबादला परत निघाले होते. दिवस बरे नव्हते. गाडीला वेळ होता म्हणून डाक बंगल्यावर आले. दुपारचा चहा झाला, दोघं विद्वान व्हरांड्यात बसले. एकाला दुसऱ्याच्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून गप्पा छान चालल्या होत्या. मी खांबाशी उभा. डॉक्टरांनी सहज विचारलं, शब्द गोळा करून करायचं काय? प्रोफेसरांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी वही काढली.

"तुमच्याच कामाचं ऐकवतो. एका बाईनं मला तापाचीच किती नावं दिली बघा. हुडहुडी भरून येतो तो हिवताप. एक दिवस सोडून येतो तो एकांतरा. दोन दिवस सोडून येतो तो चवथारा. आणि आतल्या आत राहते ती कसर. नुसती नावं नाहीत, कोणत्या पोराला कोणता येतो तेही सांगितलंय. हे बघा, मुलगी नीला, एकांतरा."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "कौन सा गाँव?"

प्रोफेसरांनी नाव सांगितलं. मी खांबाला पाठ टेकवली.

"एक दिन छोड़ के, दो दिन छोड़ के," डॉक्टर हळूहळू म्हणाले. "जिथं त्या तापाला वेगवेगळी नावं आहेत, तिथं तो पिढ्यान्‌पिढ्या राहतोय." मग आत जाऊन त्यांनी माझी यादी आणली, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "मुन्शी, इस गाँव के काँच तुमने बनाए?"

"जी."

त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. प्रोफेसरांना स्टेशनवर पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पेटी आवरत असताना मी त्यांच्यासमोर जाऊन सगळं सांगितलं. सुमनच्या बोटासकट. नोकरी जाणार, कदाचित कैदही होणार, असं धरूनच गेलो होतो.

"डर गए थे?" त्यांनी विचारलं.

"जी."

"तो लिखना था, नहीं जा सका. खाली खाना भी जवाब होता है, मुन्शी. झूठा खाना जवाब नहीं होता." त्यांनी यादी काढून एका रकान्यावर, म्हणजे त्यांच्या भाषेत खान्यावर, बोट ठेवलं. "डर मुझे भी लगता है. इस शेरवानी में भी लगता है." त्यांनी यादी माझ्या हातात दिली. खऱ्या काचा करून आणायच्या, आणि जुनी प्रत्येक ओळ स्वतःच्या हातानं खोडून शेजारी खरं लिहायचं. सोबत कोयनेलचा एक डबा दिला, आणि काचांची वाट न बघता गोळ्या वाटायला सांगितल्या.

मी पुन्हा चुडाव्याला उतरलो. ज्वारी जागोजाग कापली होती, लपायला जागा कमी. ती दबा धरणाऱ्यांनाही कमी आणि मलाही, एवढाच दिलासा. निम्म्या वाटेवर तिघं जण आडवे आले. दोघांकडं बंदुका, तोंडाला फडकी. अंगात साधे कपडे. मला कळेना, हे कोणत्या बाजूचे? रझाकार असतील तर डॉक्टरांचा सरकारी कागद दाखवायचा. त्यांच्याशी लढणारे असतील तर तोच कागद माझा काळ. कागद खिशात होता आणि हात खिशाकडं जाईना.

"कोन रे तू?"

तोंडातून आलं, "तापवाला."

"पेटी उघड."

उघडली. काचा बघून ते गोंधळले. मी सगळं सांगत सुटलो. बोट टोचायचं, थेंब घ्यायचा, काच वाळवायची. घाबरलेला माणूस फार बोलतो. त्यातला एक जण, सगळ्यांत मागं उभा होता, तो पुढं आला आणि त्यानं डावा हात माझ्यापुढं केला.

"माझं बग. दिसाआड भरून यायलाय. आज बी येनार हाय."

माझी सुई दोनदा चुकली. तो शांत उभा होता. काच वाळल्यावर मी सवयीनं कागद काढला आणि विचारलं, "नाव?"

"नाव नगं लिवू."

मी त्याला डब्यातल्या गोळ्या मोजून दिल्या, जेवल्यावर घ्या म्हणालो. ते ज्वारीत निघून गेले. ते कोणत्या बाजूचे होते, हे मला आजवर माहीत नाही. त्या बिननावाच्या काचेत डॉक्टरांना नंतर ताप खच्चून भरलेला दिसला.

गावात पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. चावडीपुढं पोरं जमवली. मला वाटत होतं, लोक विचारतील, इतके दिवस कुठं होता? कोणी विचारलं नाही. त्यांना मी येणार होतो हेच ठाऊक नव्हतं. मी यादी हातात घेऊन एकेक नाव वाचू लागलो. लेकरू पुढं यायचं, मी बरगडीखाली हात घालायचो, बोट टोचून काच करायचो, गोळ्या द्यायचो. दोन बोटं. तीन बोटं. चार. शून्य मी चाळीस वेळा लिहिलं होतं. चावडीपुढं मला ते दोनदा सापडलं. मनानं घातलेल्या नावांना अर्थातच कोणी 'ओ' दिली नाही. दोन नावं खरी होती आणि तरीही कोणी पुढं आलं नाही. लोकांनी खाली बघितलं. ती दोन लेकरं मार्गशीर्षात गेली होती, डबा दुसऱ्या गावाला लागल्यावर. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

पहिलं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. का, ते सांगता येणार नाही. मनाला आधीच कळलं असावं. मी म्हणालो, "नीला वीरभद्र."

अक्का बायकांत उभ्या होत्या. पुढं आल्या. वर्षात बाई निम्मी झाली होती.

"ती आता कुटली, मुन्शीजी. दसऱ्याच्या आदीच गेली. चार दिस ताप हटला न्हाई."

दसऱ्याच्या आधी. मी तिच्या नावाची काच कार्तिकात भरली होती. म्हणजे मी निरोगी लिहिली तेव्हा नीला मरून महिना झाला होता. तिला माझ्या गोळ्या पोचल्याच नसत्या, हे डोक्यात आलं आणि क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला त्या दोन लेकरांच्या मरणाइतकीच वाटते.

अक्का यादीकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "पर तुमच्या कागदात तिचं नाव कसं काय?"

मी खरं सांगितलं. तुकड्या-तुकड्यात सांगितलं, पण सांगितलं; वाटेतून पळालो, घरच्या लेकीचं रक्त लावलं, नावं इथली घातली. अक्का शिव्या देतील, अप्पा अंगावर येतील, असं वाटलं. मला ते हवंही होतं. अक्कांनी यादीवर बोट टेकवलं.

"कागदात काय लिव्हलंय तिच्याफुडं?"

"ताप नाही. पानथरी नाही. धडधाकट."

"कार्तिकात?"

"कार्तिकात."

त्यांनी पदर नाकाला लावला. मग म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या तसंच. एका कागदात तरी ती बरी असू द्या. खोडू नका."

ही गोष्ट कोणत्या विद्वानानं मला शिकवली नव्हती. शिळावाले असते तर काय म्हणाले असते, बोलीवाले काय म्हणाले असते, कोण जाणे. तापवाल्यांचं मला पाठ होतं. मी चावडीच्या पायरीवर बसलो, टाक काढला आणि वरून एकेक ओळ खोडत शेजारी खरं लिहीत गेलो. अक्का समोर उभ्या राहून टाकाकडं बघत होत्या, पण नीलाची ओळ कोणती ते त्यांना कळत नव्हतं. पहिली ओळ मी पुन्हा शेवटी ठेवली. तीही खोडली. शेजारी लिहिलं : मयत, आश्विन.

"हाय न्हवं ती कागदात, बरी?" अक्कांनी विचारलं.

"हाय, अक्का," मी म्हणालो.